दोरीवरची तिथी

लढाई संपली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पनवेलचे मौलवी परत आले. ते पलटणीत बंदूक चालवायला गेले नव्हते. मुसलमान शिपायांना नमाज पढवणं, मेलेल्याला माती देणं, घरची पत्रं वाचून दाखवणं आणि उत्तरं लिहून देणं, एवढ्यासाठी पलटणी तेव्हा अशी माणसं भरती करत. त्याआधी ते मशिदीच्या ओट्यावर मुलांना शिकवत. सिंगापूर पडलं तेव्हा ते पकडले गेले आणि तिथून इतर कैद्यांबरोबर त्यांना पूर्वेकडच्या एका बेटावर नेण्यात आलं. तीन वर्षांहून अधिक काळ घरी काही कळलं नाही. मग एक छापील कार्ड आलं, त्यावर त्यांची सही होती.

मी त्या वेळी मुंबईच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. शनिवारी दुपारी लाँचनं उलव्याला उतरायचं, भरती असली तर होडीनं खाडीतून पनवेलच्या बंदरापर्यंत यायचं, नसली तर चालायचं, आणि सोमवारी पहाटे परत निघायचं, असा क्रम होता. गावात छापण्यासारखं काही घडलं तर ते मीच लिहीत असे.

मौलवींच्या स्वागतासाठी समिती झाली होती. तिच्यात मशिदीच्या जमातीचे दोन वडीलधारे, भाताच्या गिरणीचे मालक आणि इंग्रजी शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर होते. बंदरावर केळीच्या खांबांची कमान उभारली होती. लग्नात वाजवणारा बँड सांगितला होता. भरतीच्या वेळेला उलव्याहून होडी आली. तिच्यातून कापडाचे गठ्ठे उतरले, आजारी असलेली एक म्हातारी उतरली, मौलवी उतरले नाहीत. बँडनं तोवर वाजवायला सुरुवात केली होती. त्या म्हातारीला वाटलं, कुणाचं तरी लग्न आहे. ती बाजूला होऊन उभी राहिली.

मौलवींना सैन्याच्या गाडीनं कल्याणला सोडलं होतं आणि तिथून ते पेंढ्याच्या एका लॉरीत बसून आले होते. गिरणीमालकांनी त्यांना गाठलं तेव्हा ते मशिदीच्या हौदावर पाय धूत होते.

"मौलवीसाहेब, तुम्ही इथे? आम्ही सगळे बंदरावर!"

"बंदरावर का? कोण येणार आहे?"

"तुम्ही."

"मी तर आलो," मौलवी म्हणाले आणि दुसरा पाय धुवायला घेतला.

कमान बंदरावर होती, बँड बंदरावर होता, माणसंही तिथेच होती. शेवटी असं ठरलं की मौलवींनी बंदरावर यावं. त्यांनी नमाज पुरी केली आणि ते आले. हेडमास्तरांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. त्यांच्या सांगण्यावरून मौलवी होडीत चढले, तांडेलानं होडी वीस हात आत नेली आणि फिरवून परत धक्क्याला लावली.

"मौलवीसाब," तांडेल म्हणाला, "एवढी दुनिया फिरून आलात, पण एवढा छोटा परवास नसंल केलात. भाडं नाय घेत, जा."

मग हार घालण्यात आले. मी बातमीत लिहिलं, 'बंदरावर होडीतून उतरताच त्यांचे स्वागत करण्यात आले.' या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

सभा गिरणीच्या अंगणात झाली. मौलवींबरोबर कैद्यांच्या छावणीत असलेला, पलटणीतला पेणकडचा एक नाईक मुद्दाम आला होता. त्याला भाषण येत नव्हतं, त्यामुळे जे पाहिलं तेवढंच तो बोलला. तो म्हणाला की छावणीत माणूस आधी वार विसरतो. मग महिना विसरतो. मग घरी परत जायचं आहे हे विसरतो, आणि मग पुढ्यातला भातसुद्धा खात नाही. अशी बरीच माणसं गेली. मौलवींनी मच्छरदाणीच्या सुताची दोरी वळली होती. रोज सूर्य मावळल्यावर नमाज झाली की ते तिच्यावर एक गाठ मारत आणि सगळ्या झोपड्यांतून फिरत. प्रत्येक झोपडीच्या दारात उभं राहून सांगत: आज बुधवार संपला, जुम्मेरात लागली. मुसलमानांना चांद कितवा ते सांगत. हिंदू शिपायांच्या पंडिताला दुसऱ्या बेटावर नेलं होतं, म्हणून त्यांच्या तिथीही मौलवीच सांगू लागले. उद्या चतुर्थी, उद्या एकादशी.

"आम्ही शिव्या द्यायचो," नाईक म्हणाला. "पोटात काही नाही आणि हे सांगतायत एकादशी. मी म्हणालो, मौलवीसाहेब, इथे रोजच एकादशी. तर म्हणतात, रोजची तुझी, उद्याची पंचांगातली. असे त्यांनी आम्हाला जिवंत ठेवले."

मौलवींना तिथी कशा येत, असं सभेत कुणी विचारलं नाही, कारण पनवेलात त्याचं कुणाला आश्चर्य नव्हतं. त्यांचे वडील तांडेल होते. खाडीवर ज्याचं पोट आहे तो कुठल्याही धर्माचा असो, उधाण आणि भांग तिथीवरूनच मोजतो. पुनवेला आणि अवसेला पाणी चढतं ते उधाण, अष्टमीला मरतं तो भांग. चंद्र प्रथम दिसतो ती बीज. एवढं कळलं की बाकीचं मोजता येतं.

हेडमास्तरांनी भाषणात सांगितलं की या माणसानं तीन वर्षांत एक दिवस चुकू दिला नाही. मी ते वाक्य टिपून घेतलं. त्याचाच मथळा होणार हे मला तिथेच कळलं होतं.

भाषणं चालू असताना अंगणाच्या कडेला एक म्हातारा उभा होता. तो मिठागरावर काम करणारा आगरी होता. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात उभं राहून त्याचे पाय पांढुरके पडले होते आणि टाचा फाटल्या होत्या. त्यानं दोनदा पुढे यायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा स्वयंसेवकांनी त्याला मागे बसायला सांगितलं. सभा संपली, लोक सरबताकडे वळले, तेव्हा तो मौलवींसमोर येऊन उभा राहिला.

"माजा पोऱ्या तुमच्यासंगं व्हता," तो म्हणाला. त्यानं मुलाचं नाव आणि गाव सांगितलं. मुलगा रस्ते आणि पूल बांधणाऱ्या तुकडीत होता.

"होता," मौलवी म्हणाले. "माझ्यासमोर गेला, बाबा."

"त्ये कागद बोलतो. कवा गेला त्ये कागद बोलत नाय."

सरकारी कागदात मार्च महिना किंवा त्या सुमारास एवढंच लिहिलेलं होतं. तलाठ्यानं तो वाचून दाखवला होता. त्यानंतर म्हाताऱ्यानं भटजींना विचारलं. भटजींनी शास्त्राप्रमाणे सांगितलं की मृत्यूची तिथी माहीत नसेल तर भाद्रपदातल्या सर्वपित्री अमावास्येला करावं. म्हातारा ते करायला तयार नव्हता. वर्ष निघून गेलं होतं, मुलाची आई रोज विचारत होती, सून माहेरी जाऊन बसली होती, तरी त्यानं मुलाचे दिवस घातले नव्हते.

"ज्यांचा दिस कोनालाच ठावं नाय, त्यांच्या गर्दीत माजा पोऱ्या कशाला बसवू?" तो म्हणाला. "त्याला मानूस नव्हता का कोनी? तुमी व्हतात ना तितं? मंग सांगा."

मौलवींनी पिशवीतून पत्र्याची एक डबी काढली. तिच्यात ती दोरी होती. ती इतकी लांब असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. घाम आणि धूर लागून ती काळी पडली होती. दर महिन्याचा चांद दिसला त्या गाठीत कापडाची चिंधी अडकवलेली होती. माणूस गेला की त्या दिवसाच्या गाठीमागे ते बांबूची एक काडी खोचत. कोणती काडी कुणाची हे त्यांना पाठ होतं. त्यांनी बोटानं दोरी सरकवत सरकवत एक काडी दाखवली.

म्हाताऱ्यानं ती काडी पाहिली, तिला हात लावला नाही.

आम्ही मोजलं. चिंधीची गाठ धरून काडीपर्यंत एकवीस गाठी होत्या. भटजींकडून त्या वर्षाचं जुनं पंचांग मागवलं. महिना फाल्गुन निघाला. हेडमास्तर अशा कामात उत्साही होते. चांद दिसला ती बीज, म्हणजे पहिली गाठ बीजेची, असं मी म्हणालो. हेडमास्तरांनी मला थांबवलं.

"थांबा. यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, सूर्योदयाला नव्हे. संध्याकाळी मारलेली गाठ ही पुढच्या दिवसाची. म्हणजे पहिली गाठ तिजेची धरली पाहिजे. बरोबर ना, मौलवीसाहेब?"

"बरोबर," मौलवी म्हणाले. "गाठ पुढच्या दिवसाचीच."

त्या हिशेबानं एकविसावी गाठ फाल्गुन वद्य अष्टमीची आली. म्हाताऱ्यानं ते दोनदा वदवून घेतलं. मग त्यानं मौलवींना हात जोडले, सरबत नको म्हणाला आणि निघून गेला. घाटावरच्या आणखी तीन हिंदू शिपायांच्या काड्या त्या दोरीवर होत्या. त्यांच्याही तिथी आम्ही तशाच काढल्या, कारण त्यांच्या घरीही हीच अडचण असणार.

बातमी दोन कॉलम आली. 'एकही दिवस चुकला नाही' हाच मथळा होता. खाली चौकटीत चारही शिपायांची गावं आणि तिथी दिल्या होत्या. मुख्य उपसंपादक कुणाची स्तुती करत नसत. त्यांनी चौकट पाहून 'चांगलं' म्हटलं.

होळीला दोन-तीन दिवस राहिले होते तेव्हा मौलवी मला म्हणाले की मिठागरावर जाऊन त्या म्हाताऱ्याच्या घरी भेटून यायचं आहे, मुलाच्या आईला तो कसा गेला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. रविवारच्या अंकाला मजकूर होईल म्हणून मीही बरोबर निघालो. मौलवींचा उजवा गुडघा वाकत नसे, त्यामुळे मिठागराच्या बांधावरून जाताना आम्हाला वेळ लागला. हंगाम ऐन भरात होता. कुंड्यांतलं पाणी आटून वर साय धरत होती, बायका लांब दांड्याच्या फळ्यांनी मीठ कडेला ओढत होत्या, बांधावर ढीग लागले होते. भर उन्हात त्या ढिगांकडे बघवत नव्हतं.

म्हाताऱ्यानं घोंगडी अंथरली. त्याच्या बायकोनं चहा केला. गावातली पोरं होळीसाठी लाकडं गोळा करत होती. त्यांनी म्हाताऱ्याच्या कुडाचा एक खांब हलवायला सुरुवात केली तेव्हा तो ओरडला, "अरं, घर उबं हाय अजून! पडल्यावर न्या!" पोरं हसत पळाली.

आईनं विचारलं, "तितं सन करीत व्हते का आपले लोक?"

"करत होते," मौलवी म्हणाले. "होळीसुद्धा केली. पुनव मी सांगितली, बाकी सगळं तुमच्या मुलानं केलं. जाळायला लाकूड मिळत नव्हतं आणि आवाज केला तर मार पडायचा. त्यानं तीन काड्या आणि नारळाची एक करवंटी जमवली होती. झोपडीमागं ती पेटवली. मग सगळ्यांना सांगितलं, बोंब मारायची, पण आवाज काढायचा नाही. सगळ्यांनी तोंडावर हात मारला, आवाज कुणाचाच नाही. वीस-पंचवीस माणसं अशी उभी होती. मीसुद्धा मारली."

"तुमी बोंब मारली?" म्हातारी म्हणाली.

"मारली, आई. आवाज नव्हता, म्हणून चालून गेलं."

ती हसली आणि पदर तोंडाला लावून तशीच बसून राहिली. म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग?"

"मग त्याला ताप आला. आधीपासून अंगात काही उरलं नव्हतं. होळीनंतर सातव्या रात्री गेला. मी मगरिबची नमाज पढलो, गाठ मारली, झोपड्यांतून फिरून त्याच्याकडे आलो. अंधार पडला होता. त्यानं विचारलं, उद्या काय? मी सांगितलं. मग पाणी मागितलं. ते मी दिलं. थोड्या वेळानं गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे तुमच्यातल्या दोघांनी त्याला अग्नी दिला. लाकडासाठी झोपडीचं दार काढलं. मी ते मागून घेतलं होतं."

म्हातारा ऐकता ऐकता अंगठ्यानं बोटांची पेरं मोजू लागला होता. मला वाटलं, हाताला चाळा म्हणून. त्यानं एकदा मोजलं, थांबला, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सातवी रात म्हनलात ना?"

"सातवी."

"होळीची रात ती पुनवेची. तिच्यानंतरची पयली रात एकम. अशी सातवी रात म्हंजे सातम." त्यानं मौलवींकडे पाहिलं. "मौलवीसाब, आठम कुटनं आली?"

मी समजवायला गेलो. म्हणालो, "बाबा, त्यांचा दिवस सूर्य मावळला की बदलतो. म्हणून एक वाढवला. हेडमास्तरांनी पंचांग बघून—"

"ठावं हाय मला. जन्म गेला यांच्या शेजारी. यांची जुम्मेरात कवा लागते त्ये मला नका सांगू," म्हातारा म्हणाला. "यांचा दिस सांजेला बदलला. माज्या पोऱ्याचा उजाडल्यावर बदलतो. आनि त्यो उजाडायच्या आदी गेला."

वार्ताहराला पहिल्या आठवड्यात शिकवतात की कोण, काय, कुठे आणि केव्हा. मी दिवस विचारला होता, वेळ विचारली नव्हती. माणूस दुपारी गेला असता तर अष्टमी बरोबर होती. अंधार पडल्यावर गेला म्हणून सप्तमी. दोन्ही वेळा काडी त्याच गाठीमागे खोचली गेली असती. हेडमास्तरांना अर्धी गोष्ट माहीत होती आणि मला तीही नव्हती.

मौलवींनी डबी काढली. दोरी मांडीवर घेऊन त्यांनी पुनवेच्या संध्याकाळी मारलेली गाठ शोधली आणि तिच्या पुढून काडीपर्यंत मोजलं. सात. पुन्हा मोजलं. त्या तीन वर्षांत त्यांनी केलेलं काम ते एवढंच होतं.

"गाठ बरोबर आहे," ते म्हणाले. "मी चुकलो. रोज संध्याकाळी मी सगळ्यांना उद्याचा दिवस सांगायचो. तुमच्या मुलालाही तोच लावला. माफ करा, बाबा. तुम्ही विचारलंत ते एवढंच विचारलंत, आणि मी तेच चुकीचं सांगितलं."

"एका दिसानं काय व्हतंय?" म्हातारी म्हणाली. "मौलवीसाबांनी पानी दिलं पोराला. त्ये बग ना."

"मीठ एक दिस आदी ओढ बरं," म्हातारा तिला म्हणाला. "हातात चिखल येतो का मीठ, बगू." मग मौलवींकडे वळून तो म्हणाला, "तुमी नका लावून घेऊ. अजून दिस टळला नाय. सातम यायची हाय. टळल्यावर कळलं असतं तर मी काय केलं असतं?" आणि मग माझ्याकडे. "पन पेपरात आठम आली ना? ती कोन पुसनार?"

"चूक दुरुस्ती छापतो," मी म्हणालो.

"केवडी?"

मी दोन बोटं एकमेकांजवळ आणून दाखवली.

"आनि चूक केवडी छापली व्हती?"

मी दोन्ही हातांनी दोन कॉलमांची रुंदी दाखवली, आणि खाली चौकटही. तो हसला. तो हसलेला मी त्या दिवशी प्रथमच पाहिला.

परत येताना मौलवी बांधावर दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा म्हणाले, "त्या तिघांचं काय?" संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून तीन पोस्टकार्डं लिहिली. मजकूर त्यांचा, मराठी माझं. तिघांपैकी एक भर दुपारी गेला होता; त्याची तिथी बरोबर होती, तसं कळवलं. दुसरा रात्री गेला होता; त्याची एका दिवसानं मागे घेतली. तिसरा कामावर नेलेल्या टोळीबरोबर गेला होता आणि परत आला नाही. सोबतच्यांनी दुसऱ्या संध्याकाळी सांगितलं तेव्हा मौलवींनी काडी खोचली. दिवसा गेला की रात्री, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मी विचारलं की याला काय लिहू. ते म्हणाले, "दोन्ही तिथी लिहा, आणि लिहा की मला माहीत नाही." तसं लिहिलं. पहिल्या दोन घरांची उत्तरं आली. तिसऱ्याचं आलं नाही.

कचेरीत मुख्य उपसंपादकांनी दुरुस्तीचा कागद वाचला आणि विचारलं, "तिथीची दुरुस्ती? कोण वाचणार?" मी म्हणालो, ज्याला हवी तो वाचणार नाही, त्याला वाचता येत नाही. त्यांनी कागद खिळे जुळवणाऱ्यांकडे पाठवला. तीन ओळी आल्या, भरती-ओहोटीच्या वेळांच्या खाली.

फाल्गुन वद्य सप्तमीला मी रजा काढून गेलो. विधी खाडीच्या काठी दुपारी झाला. देह नव्हता, म्हणून भटजींनी दर्भाचा पुतळा केला. त्यांनी सांगितलेलं सगळं म्हाताऱ्यानं मुकाट्यानं केलं. मुलाचं नाव घ्यायच्या वेळी त्याचा आवाज मोठा निघाला, मिठागरावर दुरून हाक मारावी तसा, आणि भटजी दचकले. सून माहेराहून आली होती. मौलवी थोडं दूर, बांधावर बसून होते. दिवस मावळला तेव्हा त्यांनी तिथेच नमाज पढली. ते उठले तेव्हा म्हातारा शेजारी उभा होता.

"आता तुमची आठम लागली का?"

"लागली."

"मंग उद्या या जेवाया. दोगं बी या. लोक येनारच हायत."

लोक खरंच आले. समितीतले आले, गिरणीमालक आले, हेडमास्तर छत्री घेऊन आले. सगळ्यांनी चौकट वाचली होती, दुरुस्ती कुणीच वाचली नव्हती. म्हाताऱ्यानं कुणाला परत पाठवलं नाही. विधी झालेला होता, त्यामुळे त्या दिवशी तांदळाच्या भाकरी आणि मासळी होती. मासळी अगदी थोडी होती. वाढताना तो मला म्हणाला, "छापायचीच व्हती तं पुनव तरी छापायची. आठमीला भांग. जाल्यात काय गावतंय?"

हेडमास्तरांना घडलं ते सांगितलं. त्यांनी भाकरी बाजूला ठेवून मनात सगळं पुन्हा मोजलं. मग म्हणाले, "गणित मात्र बरोबर होतं." यावर म्हाताऱ्यानं त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

पुढच्या वर्षी होळीनंतर माझ्या कचेरीच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. तलाठ्याच्या अक्षरात एकच ओळ होती: आठमीला जेवायला यावे. मी गेलो. मौलवी तिथे नव्हते. ते आदल्या दिवशी, सप्तमीला, येऊन गेले होते. बांधावर बसले होते, सूर्य मावळल्यावर नमाज पढून घरी गेले होते. मी म्हाताऱ्याला म्हणालो की मलाही सप्तमीला बोलवत चला.

"त्यो पोऱ्याचा दिस," तो म्हणाला. "त्याला ज्यानं पानी दिलं त्यो येतो. तुमी तुमच्या दिसाला या. जो छापलात त्याला."

पनवेलला रेल्वेचा रूळ पडेपर्यंत तो क्रम चालला. मधल्या काळात मी दैनिक बदललं, पत्ता कळवला, कार्ड नव्या पत्त्यावर येऊ लागलं. मौलवी त्याच मशिदीच्या ओट्यावर मुलांना शिकवत राहिले आणि तिथेच वारले. ती डबी त्यांच्या घरी असावी. मी पुन्हा पाहिली नाही. म्हातारा त्यांच्यानंतर दोन हंगाम जगला. त्या दोन्ही वर्षी कार्ड आलं. दोन्ही वर्षी मी अष्टमीला जाऊन जेवून आलो, आणि दोन्ही वर्षी मासळी थोडीच होती.